त्यांना मराठी कळत नाही म्हणून

आमच्या शेजारच्या आजींनी एक गोष्ट आयुष्यभर कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, मुलालाही नाही. ती त्यांनी मला सांगितली आणि मी ती पावणेदोनशे माणसांना सांगितली, त्यांच्याच खुर्चीशेजारी उभा राहून, हातात माईक धरून. मी बोलत होतो तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसत होत्या, कारण मी मराठीत बोलत होतो.

हे लिहिणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं आहे, असं बायको म्हणते. तिचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. ज्याच्यापासून ही गोष्ट लपवलेली होती त्याला आता सगळं ठाऊक आहे, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. एक नाव तर मला माहीतही नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावात आम्ही घर घेतलं त्याच वर्षी वाऱ्यानं आमच्या दोन घरांमधलं लाकडी कुंपण आडवं केलं. इथं कुंपण दोन्ही घरांचं मिळून असतं, म्हणून मी शनिवारी हातोडी घेऊन उतरलो. आजी काठी टेकवत आल्या आणि खुर्ची मागवून माझ्यावर देखरेख करत बसल्या. तेव्हा त्या ऐंशीच्या पुढं होत्या.

"तू इंजिनिअर आहेस म्हणे?"

"हो."

"मग हे वाकडं का?"

"मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आहे."

"मग सॉफ्टवेअरचं कुंपण घाल. खऱ्या लाकडाचा सत्यानाश का करतोस?"

हे त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की समोरच्या घरातला माणूस गवत कापायचं थांबवून हसला. आजी नेहमी अशाच बोलायच्या. त्यांनी फोनवर कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या की त्या आम्हालाही मिळायच्या. मला वाटायचं, ऐकू कमी येतं म्हणून असेल. एकदा त्यांनीच सांगितलं, की वयाच्या चौदाव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत त्या फक्त कुजबुजत होत्या. युद्ध संपलं त्या दिवशी त्यांनी ठरवलं, आता पुरे.

इथं नव्वदीच्या बाईलाही नावानं हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही. मग मी हाकच मारायचो नाही, कुंपणाजवळ जाऊन खोकायचो. घरात आम्ही त्यांना आजी म्हणायचो. माझी मुलगी त्यांच्या नातवंडांचं ऐकून त्यांना ओमा म्हणायला लागली, म्हणजे डच भाषेत आजीच. ती शाळेतून आली की दप्तर टाकून थेट तिकडे जायची. आजी तिला विणायला शिकवत होत्या.

त्यांच्या लपून राहण्याची गोष्ट आमच्या भागात पुष्कळांना माहीत होती. आजूबाजूच्या शाळांमध्ये त्या कित्येक वर्षं जाऊन ती सांगत असत. माझ्या मुलीनंही ती वर्गात ऐकली होती. नेदरलँड्समधलं ज्यू कुटुंब. जर्मन सैन्य आल्यावर आधी बागेत बसायला बंदी, मग ट्रॅमला बंदी, मग कोटावर पिवळा तारा. आई-वडिलांना एके दिवशी नेलं. मग उत्तरेकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी, गोठ्यावरच्या माळ्यावर, रचलेल्या गवताच्या भिंतीमागं वीस महिने. खाली गाई. शेतकऱ्याची बायको दुधाच्या किटलीत बटाटे घालून शिडीवरून वर द्यायची. गाई बाहेर चरायला गेल्या की अजिबात हलायचं नाही, कारण रिकाम्या गोठ्यात आवाज कशाचा? हिवाळ्यात गाई आत बांधलेल्या असायच्या, तेव्हा पाय लांब करता यायचे. सुटका झाली तेव्हा पाठ सरळ होत नव्हती. आजी हे सगळं पंधरा मिनिटांत सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "गाईंना माझ्यातर्फे किया ओरा सांगा." किया ओरा म्हणजे इथला माओरी नमस्कार; मुलं हसायची. या गोष्टीला त्या स्वतःच 'शाळेतली गोष्ट' म्हणत.

त्या गोष्टीची सुरुवात नेहमी एकाच वाक्यानं व्हायची: "आम्ही घरात तिघं होतो, आई, वडील आणि मी."

माझी आई पुण्यात गेली ती साथीच्या काळात. न्यूझीलंडच्या सीमा बंद होत्या. सगळ्यांना मी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी मान हलवली, कारण इथल्या प्रत्येकाच्या घरी तसं काहीतरी झालं होतं. खरं असं होतं, की जाता येत होतं. परत केव्हा येता येईल याची खात्री नव्हती. आई नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. भावानं फोनवर विचारलं, "काहीच मार्ग नाही का रे?" मी म्हणालो, "नाही." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

हे मी आजींना सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, दुपारी. त्यांचा गळका नळ दुरुस्त करायला गेलो होतो आणि ओट्याखाली डोकं घातलेलं असतानाच मला रडू आलं. मी बाहेर आल्यावर त्यांनी चहा केला. मग माझ्यासमोर बसल्या आणि कुजबुजल्या. त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला वाटलं, त्यांना काही होतंय.

त्यांना एक धाकटी बहीण होती. आठ वर्षांची.

आई-वडिलांना नेल्यावर दोघी मावशीकडे राहत होत्या. एका मंगळवारी दुपारी सायकलवरून एक अनोळखी बाई आली. मावशी रेशनच्या रांगेत गेली होती. बाई उंबऱ्यातच उभी राहिली. एका शेतावर एक जागा आहे, म्हणाली, आत्ता निघावं लागेल. मग तिनं विचारलं, "तू एकटीच ना? दोघं असाल तरी विचारून बघता येईल. काहीतरी करता येईल." धाकटी आतल्या खोलीत शेजारच्यांच्या मांजराशी खेळत होती. तिचा आवाज दारापर्यंत येत नव्हता, ही त्या दिवसापुरती नवलाचीच गोष्ट.

"मी म्हणाले, हो, एकटीच," आजी म्हणाल्या. "कारण ती गप्प बसू शकत नसे. एक मिनिट नाही. झोपेतसुद्धा बोलायची. मला पाच सेकंदांत कळलं, की ती बरोबर असेल तर आम्ही दोघीही मरू. हे मी विचार करून ठरवलं असं मला पुष्कळ वर्षं वाटायचं. आता वाटत नाही. मला फक्त जायचं होतं."

त्यांनी कोट घातला. आत जाऊन बहिणीला सांगितलं, पत्र टाकून येते. सहा आठवड्यांनी मावशीला आणि त्या मुलीला नेलं.

"हे तुला सांगितलं, कारण तू आमच्यातला नाहीस," त्या म्हणाल्या. "तुझं मी कुणाला सांगणार नाही. माझं तू सांगू नकोस."

त्यांनी माझं कुणाला सांगितलं नाही. भाऊ हे वाचेल तेव्हा त्याला ते पहिल्यांदा माझ्याकडूनच कळेल.

मीही दीड वर्ष त्यांचं कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. त्याचा मला अभिमान वाटायचा हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढं जे झालं त्यात त्या अभिमानाचाही हात आहे. आपल्याजवळ असं काहीतरी आहे जे दुसऱ्या कुणाजवळ नाही, ही भावना माणसाला फार काळ नुसती जवळ ठेवता येत नाही.

त्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळाचा सचिव होतो. मार्चमध्ये महिला दिनाचा कार्यक्रम असतो: एका कर्तबगार बाईचा सत्कार, दोन नाच, जेवण. आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही आणि सत्कार करायला माणसं तर मोजकीच. सहा वर्षांत सगळ्या कर्तबगार बायका संपल्या होत्या. कमिटीच्या बैठकीत मी आजींचं नाव सुचवलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अरे, हे तर फारच वेगळं होईल! पण मराठी नाहीयेत त्या, लोकांना चालेल ना?" कुणीतरी म्हणालं, "जिलेबी ठेवा, सगळं चालेल."

आजींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शाळेतली गोष्ट चालेल का?"

"शाळेतलीच."

"मग येते. मुलालाही आणते. त्याला तुमचं जेवण आवडतं."

मुलगा साठीच्या पुढचा, लोअर हटमध्ये राहणारा, सुतारकाम करणारा शांत माणूस. दर रविवारी आईचं गवत कापून जायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये नेहमीसारखाच गोंधळ होता. आजींना मधल्या खुर्चीवर बसवलं होतं, निळा स्वेटर आणि मोत्यांची माळ घालून आल्या होत्या. त्यांच्यासमोरच कमिटीतल्या दोघींची चर्चा चालली होती.

"ओटी भरायची का हळदीकुंकू लावून? त्यांचे मिस्टर गेलेत ना?"

"हो, बारा वर्षं झाली. नुसती शाल-श्रीफळ देऊ."

"मग बाकीच्या बायकांना लावायचं आणि त्यांना नाही, बरं दिसेल का?"

"अगं, त्यांना काय कळणार आहे!"

आजी एकीकडून दुसरीकडे मान वळवत दोघींकडे बघून हसत होत्या. मीही हसलो. आपण सगळेच इथं असं करतो. ट्रेनमध्ये, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, डेअरीत दूध घेताना, समोरच्या माणसाबद्दल त्याच्यासमोरच मराठीत बोलतो आणि चेहरा सभ्य ठेवतो. हे आपल्याला फार सोयीचं पडतं. आपल्याभोवती एक भिंत आहे आणि ती आपल्याला दिसते, त्यांना दिसत नाही, असं वाटतं.

सत्कारमूर्तींचा परिचय करून देणं सचिवाचं काम. मी दोन पानं लिहून आणली होती. पहिलं पान वाचत होतो तेव्हा हॉलमध्ये एकही माणूस ऐकत नव्हता. मागं पुरुषांचा घोळका क्रिकेटवर बोलत होता. पोरं खुर्च्यांमधून धावत होती. नाचाच्या मुली घुंगरू बांधून ताटकळत होत्या, त्यांचे पाय वाजत होते. एका बाईनं दारातून ओरडून विचारलं, "पुऱ्या तळायला घेऊ का?" आणि तिला माझ्यापेक्षा जास्त लोकांनी उत्तर दिलं.

मला राग आला. आजींसाठी आला असं मी नंतर स्वतःला सांगितलं, पण तो माझ्यासाठीच होता. मी कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणालो, "या बाईंना एक धाकटी बहीण होती."

मग मी सगळं सांगितलं. सायकलवरची बाई, उंबरा, आतल्या खोलीतली मुलगी. क्रिकेट थांबलं. आयांनी पोरांना मांडीवर ओढलं. घुंगरू गप्प झाले. एवढी शांतता आमच्या मंडळात मी कधी ऐकली नव्हती आणि ती मी निर्माण केली होती. ती शांतता मला आवडली. मला ती वाढवावीशी वाटली. म्हणून मी त्या मुलीला बोलायला लावलं. "ताई, लवकर ये हं," असं तिच्या तोंडी घातलं. ती असं काही म्हणाली होती की नाही मला माहीत नाही, आजींनी सांगितलं नव्हतं. पण 'ताई' म्हटल्याबरोबर पहिल्या दोन रांगांतल्या बायकांनी पदर आणि ओढण्या डोळ्यांना लावल्या. शेवटी मी म्हणालो, "एका 'हो'चं ओझं घेऊन ही स्त्री आयुष्यभर जगली." टाळ्या थांबेनात.

आजींनी रडणाऱ्या बायकांकडे पाहिलं. वर माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, मी त्यांच्याबद्दल काहीतरी फार चांगलं बोललो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि थोपटला. पहिल्या रांगेत त्यांचा मुलगा बसला होता. तोही टाळ्या वाजवत होता.

अध्यक्षबाईंनी शाल पांघरली, नारळ दिला. मग आजी काठीवर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात, इंग्रजीत, त्यांनी शाळेतली गोष्ट सुरू केली. "आम्ही घरात तिघं होतो. आई, वडील आणि मी."

हॉलमध्ये एक हालचाल झाली. कुणी काही बोललं नाही, पण माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एका बाईनं शेजारणीचं मनगट धरलं. पावणेदोनशे माणसांना माहीत होतं, की समोरची बाई खोटं बोलते आहे, आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे, याचा त्या दोघा मायलेकांना मात्र पत्ता नव्हता. मी बाजूला उभा होतो. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी काय केलं ते. पण तेव्हाही माझा पहिला विचार असा होता, की हरकत नाही, यांना मराठी कळत नाही.

लोक जेवायला बसले तेव्हा माझी मुलगी पळत येऊन आजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. ती अकरा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीतच देते. याबद्दल आम्ही तिला शेकडो वेळा बोललो होतो, दोन वर्षं मराठी शाळेत घातलं होतं. तिला मराठी कळतं, ही गोष्ट माझ्या बाबतीत तरी अभिमानाची होती. त्या दिवशी मी ती विसरलो होतो.

आजींचा मुलगा जिलेबीचं ताट घेऊन आला. "मम, हे बघ, स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. मुलीनं आजींच्या बाहीला धरून ओढलं.

"ओमा, व्हाय डिडन्ट यू टॉक अबाउट युअर सिस्टर?"

"काय गं?" आजींनी कान पुढे केला.

ती मोठ्यानं म्हणाली, कारण आजींशी मोठ्यानंच बोलावं लागतं. "युअर लिटल सिस्टर! द वन यू लेफ्ट."

आजूबाजूच्या टेबलांवरचे आवाज थांबले. मुलगा हसला. "ममला बहीण नव्हती, डार्लिंग. ती एकटीच होती."

"बट बाबा सेड."

मी दोन टेबलांपलीकडे उभा होतो. आजींनी मान वर करून मला शोधलं. मग मुलानं विचारलं, अगदी हळू, "कुठली बहीण, मम?"

"मला घरी जायचंय," आजी म्हणाल्या. नेहमीच्याच आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. त्यांनी शाल काढली, घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. मुलानं त्यांचा हात धरला. ते दारापर्यंत पोचले तेव्हा कमिटीतली एक बाई मागून धावत गेली. "अहो, नारळ राहिला! अरे, त्यांना कुणीतरी सांगा ना, असा ठेवून जाऊ नये!"

गाडीत बायको मुलीवर भडकली. "मोठ्यांचं बोलणं ऐकायचं आणि जाऊन बोलायचं, ही कुठली पद्धत? काय गरज होती?"

मुलगी हुंदके देत म्हणाली, "बाबा टोल्ड एव्हरीवन. आय थॉट इट वॉज ओके."

"उलट बोलू नकोस."

गाडी मी चालवत होतो. मी म्हणालो, "जाऊ दे आता." जणू मुलीला मीच माफ करत होतो. अकरा वर्षांच्या पोरीवर ते सगळं ढकललं आणि रस्ता बघत राहिलो. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते, असं कुणी विचारलं तर मी ती गाडीतली दहा मिनिटं सांगेन.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाईंचा फोन आला. "अरे, काय परिचय दिलास! लोक अजून बोलतायत. शेवटी थोडा गोंधळ झाला, पण ते चालायचंच. पुढच्या वर्षीचं सूत्रसंचालन तुझ्याकडेच." मी 'थँक्यू' म्हणालो.

मंगळवारी संध्याकाळी मुलगी कुंपणाच्या फटीतून पलीकडे काहीतरी सरकवताना दिसली. माफीचं कार्ड होतं, वर लोकरीच्या गुंड्याचं चित्र. तेव्हा कुठं मी तिच्याशेजारी गवतावर बसलो आणि म्हणालो, चूक तुझी नाही, माझी आहे.

"आय नो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "देन व्हाय डिड यू लेट आई येल ॲट मी?"

मी उठून कुंपणाची सैल फळी दाबून बसवायला लागलो.

गुरुवारी आजींचा मुलगा आला. कामावरचे कपडे, हाताला लाकडाचा भुसा. आत आला नाही. "आई मला काही सांगत नाही," तो म्हणाला. "फक्त म्हणते, शेजाऱ्याला विचार. म्हणून विचारायला आलोय. तुझ्या हॉलमधल्या सगळ्यांना माहीत आहे. मला नाही."

मी म्हणालो, मी आधी त्यांना विचारतो. तो म्हणाला, "विचार."

मी गेलो. दार उघडं होतं, पण जाळीच्या दाराची कडी आतून लावलेली होती. आजी त्यापलीकडे उभ्या राहिल्या. मी माफी मागितली. लिहून पाठ केली होती, तरी अर्ध्यावर अडखळलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"तू त्यांच्यासमोर माझ्या बहिणीला बोलायला लावलंस का?" त्यांनी विचारलं. "तुझ्या मुलीनं कार्डात लिहिलंय, धाकटी मला लवकर ये म्हणाली होती. असं बाबांनी सांगितलं म्हणे."

"हो."

"ती काहीच म्हणाली नाही. तिनं मांजरावरून नजरसुद्धा उचलली नाही. एवढंच माझ्याजवळ होतं."

मी जाळीवरचा हात काढून घेतला.

"तुमचा मुलगा विचारतोय," मी शेवटी म्हणालो. "त्याला सांगू का?"

"एवढ्या लोकांना सांगताना मला विचारलं नाहीस. आता एकासाठी कशाला विचारतोस?" त्या कुजबुजत बोलत होत्या. "ती गोष्ट आता तुझी आहे. तूच सांग. मी त्याला सांगितली, तर तो माझ्याकडे बघत असेल. तू सांग, म्हणजे तुझ्याकडे बघेल."

मी त्याला नदीकाठच्या बाकावर घेऊन गेलो आणि सांगितलं. या वेळी एक शब्द जास्त घातला नाही. लोक कुत्री फिरवत होते, त्यातला एक ओळखीचा हात करून गेला. आजींच्या मुलानं मध्ये काही विचारलं नाही. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

मला माहीत नव्हतं. आजींनी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात नाही, त्यानंतर दीड वर्षात कुंपणाशी शंभरदा बोललो तेव्हा नाही, परिचयाची तयारी करताना नाही. माईक हातात घेऊन मी त्या मुलीसाठी लोकांना रडवलं होतं आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

"नाव नाही माहीत," मी म्हणालो.

तो उठला. "बरं," म्हणाला आणि गेला. तो पुढं माझ्याशी कधी वाईट वागला नाही. फक्त बोलला नाही.

नाव त्यानं नंतर शोधून काढलं. नेलेल्या माणसांच्या याद्या त्या देशात जपून ठेवल्या आहेत, त्याला फार दिवस लागले नसावेत. हे मला मुलीकडून कळलं. तिला ते नाव माहीत आहे. मायलेकांमध्ये त्यावरून काय बोलणं झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. मुलगा रविवारी गवत कापायला यायचा तो येत राहिला. वर्षभरानं आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानं त्यांना लोअर हटच्या एका वृद्धाश्रमात नेलं. घर विकलं. सामान काढत होते त्या दिवशी मी मदतीला गेलो, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं.

मी मंडळाचं काम सोडलं. त्यातही फार काही केलं असं नाही. आता ते दुसऱ्याकडे आहे आणि सत्कार होतातच.

आजींनी मुलीला माफ केलं. माफ केलं म्हणणंही चूक आहे, त्या तिच्यावर कधी रागावल्याच नव्हत्या. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. एक रविवार सोडून ती त्यांना भेटायला जाते, विणकाम घेऊन. मी तिला सोडतो आणि बाहेर गाडीत थांबतो. पहिल्यांदा मी आत गेलो होतो. आजी खिडकीजवळ बसल्या होत्या, पंचाण्णव वर्षांच्या, डोळे अजून तसेच लख्ख. त्यांनी माझ्या तब्येतीची, हवेची, नोकरीची चौकशी केली. येण्याचे कष्ट घेतल्याबद्दल माझे आभार मानले. त्यांचं कुंपण वाकडं घातल्याबद्दल काही म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला परत यायला सांगितलं नाही, आणि मी परत आत गेलो नाही.

गेल्या रविवारी मुलगी तासाभरानं बाहेर आली. डोळे लाल होते. दार लावून घेतलं, पट्टा लावला. मी विचारलं, "काय झालं? काय म्हणाल्या आजी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, आणि या वेळी मराठीत, सावकाश, एकेक शब्द जुळवत, "ते मी तुला सांगणार नाही, बाबा."

मी गाडी सुरू केली.